रेडिओ घड्याळ, आप्पांची खुर्ची आणि पूर्व-पश्चिम भिंत

घड्याळ परत करायला चौदा दिवसांची मुदत होती, आणि त्यातले बारा दिवस त्याचं खोकं आमच्या दाराशी, चपलांच्या शेजारी उभं होतं. तेराव्या रात्री घड्याळाने वेळ धरली. त्याला आता सहा महिने झाले, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. असं घड्याळ घेऊन दोन दिवसांत 'चालत नाही' म्हणून परत पाठवणारे पुष्कळ असणार, आणि त्यांतल्या बऱ्याच घड्याळांमध्ये काहीही बिघाड नसणार, अशी माझी आता खात्री झाली आहे.

वस्तू साधी आहे. ३० सेंटीमीटर व्यासाचं भिंतीवरचं घड्याळ, पांढरी तबकडी, ठसठशीत काळे आकडे, लाल सेकंदकाटा. मागे तळहाताएवढा काळा प्लास्टिकचा डबा, त्यात एक पेन्सिल सेल आणि तीन बारकी बटणं : रीसेट, एम सेट आणि रेक. त्याचा गुण एकच. ते रोज रात्री रेडिओवरून अचूक वेळ घेतं आणि आपले काटे आपणच लावतं.

घेतलं ते आप्पांसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी. त्यांना काचबिंदू आहे. दोन वेगवेगळे थेंब घालावे लागतात आणि दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची असतात. मनगटावरच्या घड्याळाचा सेकंदकाटा त्यांना आता दिसत नाही. मोबाइलवरचे आकडे दिसतात, पण आकडे बघून त्यांचं समाधान होत नाही. काटा फिरताना दिसला पाहिजे. रेल्वेत चौतीस वर्षं गार्ड म्हणून काढलेला माणूस. 'पाच मिनिटं झाली असतील' हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नाही.

पहिल्या दिवशी सेल घातला. तिन्ही काटे भराभर फिरून बारावर आले आणि थांबले. हे अपेक्षित होतं, पुस्तिकेत तसंच लिहिलेलं आहे. आता घड्याळ सिग्नल ऐकणार, तीन ते दहा मिनिटांत मिळाला की काटे योग्य वेळेवर नेणार. आमच्याकडे दहा मिनिटं गेली, बारावी गेली, आणि घड्याळ बारापासून मुकाट्याने टिकटिक करायला लागलं. खरी वेळ होती संध्याकाळचे सव्वापाच. पुस्तिका म्हणते, रात्रभर राहू द्या. राहू दिलं. सकाळी आप्पा चहाच्या आधी त्याच्यासमोर उभे. "अगं, हे तर पावणेसात तास पुढे आहे. आणि सिग्नल कसला घेणार होतं?"

तीन दिवस असेच. विकणाऱ्यांना फोन केला, तर तिकडच्या मुलाने दोन प्रश्नही न विचारता सांगितलं की आतला भाग खराब असेल, परत पाठवून द्या. घड्याळ कुठल्या भिंतीवर लावलंय, शेजारी काय आहे, सेल कुठला घातलाय, यातलं एक अक्षर नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण तेवढं विचारलं असतं तर पुढचे नऊ दिवस वाचले असते.

तर मूळ गोष्ट अशी. हे घड्याळ डीसीएफ७७ नावाच्या केंद्राचं ऐकतं. केंद्र जर्मनीत फ्रँकफर्टच्या आग्नेयेला साधारण २५ किलोमीटरवर, माइनफ्लिंगेन इथे आहे. आम्ही राहतो तिथून ते पूर्वेला, सुमारे साडेचारशे किलोमीटरवर. जर्मनीची मोजमापांची राष्ट्रीय संस्था, पीटीबी, आपल्या अणुघड्याळांच्या आधाराने तिथून वेळ सांगते. केंद्र १९५९ पासून नियमित चालू आहे आणि तारीख-वेळेचा पूर्ण संकेत १९७३ पासून त्यावर असतो. लहर ७७.५ किलोहर्ट्झची, म्हणजे एकेक लाट जवळजवळ ३,८७० मीटर लांब. एफएमची लाट तीन मीटरच्या आसपास असते, त्यावरून कल्पना यावी. इतकी लांब लहर जमिनीला धरून लांबवर जाते. पल्ला साधारण २,००० किलोमीटर.

वेळ सांगायची रीत मला फार आवडली. दर सेकंदाच्या सुरुवातीला लहरीचा जोर एकदम खाली आणतात, पूर्ण जोराच्या १५ टक्क्यांच्या आसपास. तो ०.१ सेकंद खाली राहिला तर त्याचा अर्थ शून्य, ०.२ सेकंद राहिला तर एक. मिनिटाच्या शेवटच्या सेकंदाला मात्र जोर खाली येतच नाही, आणि त्या गाळलेल्या ठोक्यावरून घड्याळाला कळतं की आता नवं मिनिट सुरू होणार. मधल्या शून्य-एकांत मिनिट, तास, तारीख, वार, महिना, वर्ष, उन्हाळी वेळ की हिवाळी, सगळं बसवलेलं. मिनिटांनंतर एक ताळा, तासांनंतर एक, तारखेनंतर एक. ताळा जुळला नाही तर घड्याळाने ते मिनिट टाकून द्यायचं. चांगली घड्याळं लागोपाठ दोन-तीन मिनिटांचा हिशेब जुळल्याशिवाय काटे हलवत नाहीत.

हे कळल्यावर आमच्या घड्याळाबद्दलचं माझं मत बदललं. सिग्नल म्हणजे पाणी आलं की नाही असा नळाचा मामला नाही. घड्याळाला सबंध मिनिट, एकही सेकंद न चुकवता ऐकायचं असतं, तेही दोन-तीनदा. चाळिसाव्या सेकंदाला कुठे खरखर झाली की सगळी मेहनत वाया. आणि तसं झालं तर चुकीची वेळ दाखवण्यापेक्षा ते काहीच न करणं पसंत करतं. आप्पांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्याकडे दुपारी चारला वेळेचा संदेश यायचा. स्टेशनातली घड्याळं त्यावर लावायची. संदेश नीट ऐकू आला नाही तर मनाने वेळ लावायची नाही, पुन्हा मागायचा." त्या दिवसापासून घड्याळ परत करायचा आग्रह त्यांनी सोडला.

आता दिशेची गोष्ट. सगळ्यात जास्त वेळ मी यावर घालवला, आणि पुस्तिकेत याबद्दल अवाक्षर नाही.

मागच्या डब्याचं झाकण काढलं की वरच्या कडेला एक काळी कांडी दिसते. करंगळीपेक्षा बारीक, पाचसहा सेंटीमीटर लांब, मधोमध तांब्याची केसासारखी तार गुंडाळलेली. ही फेराइटची कांडी म्हणजे घड्याळाचा अँटेना. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओच्या पोटात असते तीच चीज. तो रेडिओ हातात धरून फिरवला की एखादं स्टेशन मोठं होतं, आणखी फिरवला की जवळजवळ बुडतं, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना पुढचं सांगायला नको. कांडी केंद्राच्या दिशेशी काटकोनात असेल तर सिग्नल सर्वांत चांगला. कांडीचं टोक केंद्राकडे रोखलेलं असेल तर जवळपास काही नाही. कांडी तीच, जागा तीच, पाव वळण फिरवलं की जमीन-अस्मानाचा फरक.

भिंतीवरच्या घड्याळात ही कांडी आडवी आणि भिंतीला समांतर असते. म्हणजे घड्याळ ज्या भिंतीवर टांगाल ती भिंत कांडीची दिशा ठरवते. आमची आप्पांच्या खुर्चीसमोरची भिंत बरोबर पूर्व-पश्चिम धावते. केंद्र पूर्वेला. म्हणजे बारा दिवस आम्ही त्या कांडीचं टोक नेमकं माइनफ्लिंगेनकडे रोखून ठेवलं होतं आणि तिला ऐकायला सांगत होतो.

हे मला नकाशावर पट्टी ठेवल्यावर दिसलं. घराचा आराखडा काढला, त्यावर मोबाइलच्या होकायंत्राने उत्तर मारली, केंद्राकडे एक रेघ ओढली. रेघ त्या भिंतीच्या अंगावरून गेली. काटकोनातली भिंत, स्वयंपाकघराला लागून असलेली, दक्षिणोत्तर. घड्याळाचं तोंड किंवा पाठ केंद्राकडे होईल अशी भिंत हवी, इतकं साधं सूत्र.

खात्री करायला घरातलं एक जुनं छोटं गजराचं घड्याळ हाताशी घेतलं. तेही डीसीएफचंच, आकड्यांचं. त्याच्या पडद्यावर मनोऱ्याचं बारकं चिन्ह असतं आणि ऐकताना ते लुकलुकतं. सिग्नल चांगला असेल तर सेकंदाला एकदा, संथ, नाडीसारखं. खराब असेल तर कसंही, मध्येच दोनदा, मध्येच थांबून. ते टेबलावर ठेवून मी हळूहळू फिरवत गेले. एका स्थितीत लुकलुक अगदी नियमित, आप्पा शेजारी बसून बोटाने टेबलावर ताल धरत होते. पाव वळण फिरवलं आणि ताल तुटला. त्यांचं बोट हवेतच राहिलं. मला वाटतं त्यांना माझ्या नकाशापेक्षा त्या तुटलेल्या तालाने जास्त पटलं. असं लुकलुकणारं घड्याळ घरात असेल तर मोठं घड्याळ कुठे टांगावं हे शोधायला दुसरं उपकरण नको.

तेराव्या रात्री पावणेअकराला मोठं घड्याळ खिडकीच्या कठड्यावर, पाठ पूर्वेकडे करून ठेवलं आणि रीसेट दाबलं. आप्पा खुर्ची ओढून समोर. काटे बारावर. सहा मिनिटं काही नाही. त्या सहा मिनिटांत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. मग मिनिटकाटा एकाएकी सुटला, एकसारखा, फेरीवर फेरी, तासकाटा त्याच्या मागे सरकत. बारापासून जवळपास अकरा तास त्याला पुढे पळायचं होतं, कारण हे काटे मागे फिरत नाहीत. अकराला काही मिनिटं कमी असताना तो थांबला, लाल काटा सरसर पुढे आला आणि चालायला लागला. आप्पांनी भिंग घेऊन मनगटावरचं घड्याळ पाहिलं. चाळीस सेकंद मागे. त्यांनी किल्ली ओढली, लाल काटा बारावर येईपर्यंत थांबले, आणि किल्ली दाबली. मग म्हणाले, "जुळलं." सून म्हणून या घरात आल्यापासून त्यांच्या तोंडून इतकं समाधानी 'जुळलं' मी फार क्वचित ऐकलं आहे.

दुसऱ्या दिवशी घड्याळ दक्षिणोत्तर भिंतीवर गेलं आणि आप्पांची खुर्ची वळली. खुर्ची वळवणं सोपं असतं, भिंत वळवता येत नाही.

तरी या भिंतीवरच्या चौथ्या रात्री वेळ मिळाली नाही. आणि पाचव्या. आदल्या दुरुस्तीवर घड्याळ चालत होतं, पण मागच्या डब्यावरचं रेक बटण तीन सेकंद दाबून मुद्दाम ऐकायला लावलं तर दहा मिनिटांनी हात हलवत परत. खिडकीत चालतं, दिशा बरोबर असलेल्या भिंतीवर नाही. म्हणजे आता गोंगाट.

७७.५ किलोहर्ट्झच्या आसपास घरातल्या उपकरणांचा किती कल्ला असतो हे कळलं की आश्चर्य वाटतं. मोबाइलचे चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर (म्हणजे त्यांना वीज पुरवणारे छोटे डबे), टीव्ही, मॉनिटर, लॅपटॉपचा अडॅप्टर, दिवा मंद करणारं बटण, सोलरचा इन्व्हर्टर : ही सगळी उपकरणं वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून काम भागवतात आणि त्याची खरखर आजूबाजूला फेकतात. इंडक्शनची शेगडी तर साधारण वीस किलोहर्ट्झपासून पुढे, म्हणजे या लहरीच्या गल्लीतच काम करते. पूर्वीच्या काचेच्या नळीच्या टीव्हीची गंमत अशी की त्याच्या पडद्यावरच्या रेघांचा वेग १५.६२५ किलोहर्ट्झ; अशा खरखरीचे पडसाद तिच्या पटींवरही उमटतात, आणि त्याची पाचपट ७८.१२५, केंद्राच्या लहरीला खेटून. त्या काळात टीव्हीवर ठेवलेलं रेडिओ घड्याळ का चुकायचं त्याचं उत्तर या गुणाकारात आहे.

चोर शोधायला मी आप्पांचा सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर घेतला. मध्यम लहरींच्या अगदी खालच्या टोकाला, जिथे कुठलंच स्टेशन नाही अशा जागी काटा ठेवला आणि भिंतीला कान लावल्यासारखा तो फिरवत गेले. हा रेडिओ ७७.५ ऐकत नाही, पण अशा उपकरणांची खरखर इतकी पसरट असते की तिथेही ऐकू येते. टीव्हीजवळ गुणगुण. दिव्याखाली किरकोळ. घड्याळाच्या खिळ्यापाशी मात्र भुंग्यासारखा घोगरा आवाज, आणि खोलीत त्या जागी उपकरण एकही नाही. भिंतीपलीकडे गेले. स्वयंपाकघराच्या कपाटाखाली एलईडीची पट्टी आहे, तिचा ड्रायव्हर बरोबर त्या खिळ्याच्या पाठीमागे, मध्ये वीतभर भिंत. पट्टी रिमोटने बंद केलेली होती, पण ड्रायव्हर प्लगमध्ये जागाच होता. प्लग काढला. भुंगा गप्प.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अशा गोंगाटाचा जोर अंतराबरोबर फार झपाट्याने पडतो. ड्रायव्हर दीड मीटर बाजूला नेल्यावर तो प्लगमध्ये असतानाही घड्याळ रात्री वेळ घेतं. उपकरणं बंद करत घरभर फिरायची गरज नाही, घड्याळापासून दीड-दोन मीटर मोकळे ठेवले की बहुतेक काम होतं. आणि भिंतीच्या पलीकडची बाजू बघायला विसरू नये. शेजाऱ्यांचा टीव्ही त्या भिंतीला टेकलेला असू शकतो.

लोखंडाबद्दल थोडं. काँक्रीटमधल्या सळया, लोखंडी कपाट, धातूची चौकट, रेडिएटर, भिंतीतलं चंदेरी पत्र्याचं उष्णतारोधक अस्तर, हे सगळं सिग्नल कमी करतं किंवा वाकडा करतं. म्हणून तळघरात आणि मोठ्या इमारतींच्या आतल्या खोल्यांत ही घड्याळं रडतात. वाकड्या सिग्नलमुळे नकाशावरची दिशा आणि खरी चांगली दिशा यांत थोडा फरकही पडू शकतो, तेव्हा पट्टीने काढलेल्या रेघेवर अडून न बसता घड्याळ फिरवून बघावं.

सेल. मी पहिल्यांदा चार्ज होणारा घातला होता. त्याचा दाब १.२ व्होल्ट, साध्या अल्कलाइनचा १.५. काटे दोन्हींवर चालतात, पण ऐकण्याच्या कामात कमी दाब नडू शकतो. नवा अल्कलाइन घालावा आणि हा विषय संपवावा.

दुसरी एक शंका घरोघर येते. रात्री पाणी प्यायला उठलेल्या माझ्या नवऱ्याने दोनदा येऊन सांगितलं, घड्याळ बंद पडलंय. सेकंदकाटा बारावर थांबलेला. ते ऐकत असतं. काटा हलवणारी मोटर म्हणजे एक छोटं विद्युतचुंबकच, आणि ते त्या कांडीच्या इतकं जवळ असतं की दर ठोक्याला तिच्या कानात ओरडतं. म्हणून आमचं घड्याळ ऐकताना आधी स्वतः गप्प बसतं. त्या वेळी त्याला हात लावू नये, सेल तर मुळीच काढू नये.

रात्रच का? आमचं घड्याळ एक वाजता प्रयत्न करतं, नाही जमलं तर दोनला, मग तीनला. घरातली उपकरणं निजलेली असतात हे एक. दुसरं, वातावरणाचा जो थर दिवसा या लहरी शोषून घेतो तो सूर्य मावळला की विरतो, आणि वरून परावर्तित होऊन येणारी लहर लांबपर्यंत पोचते. आमच्यासारख्या पाचशे किलोमीटरच्या आतल्यांना जमिनीवरून येणारी लहर दिवसाही पुरते. हजारबाराशे किलोमीटरच्या पलीकडे राहणाऱ्यांनी मात्र दुपारी रीसेट दाबून निराश होऊ नये. सेल संध्याकाळी घालावा आणि सकाळपर्यंत घड्याळाकडे बघू नये. मधल्या पट्ट्यात, साधारण सहाशे ते अकराशे किलोमीटरवर, जमिनीवरची आणि वरून आलेली लहर सारख्याच जोराच्या होऊन एकमेकींना छेदतात आणि सिग्नल कमीजास्त होत राहतो. तिथे एखादी रात्र कोरी गेली तर ती सोडून द्यावी.

कधी कधी केंद्रच बोलत नसतं. जवळ वीज कडाडत असेल तर माइनफ्लिंगेनचं प्रक्षेपण थोडा वेळ थांबू शकतं. ब्रिटनचं एमएसएफ हे ६० किलोहर्ट्झवरचं केंद्र २००७ पासून कंब्रियातल्या अँथॉर्नहून बोलतं, त्याआधी ते रग्बीला होतं. देखभालीसाठी ते ठरलेल्या दिवशी काही तास बंद असतं. जपानमध्ये २०११ च्या मार्चमध्ये अणुभट्टीच्या अपघातानंतर फुकुशिमाजवळचं ४० किलोहर्ट्झचं केंद्र सोडून कर्मचाऱ्यांना निघावं लागलं, आणि ते महिन्याहून अधिक काळ मुकं होतं. तेवढे दिवस किती घरांत लोकांनी सेल बदलून पाहिले असतील.

विकत घेताना घड्याळ कुठल्या केंद्राचं आहे हे खोक्यावर बघायलाच हवं. एमएसएफ, अमेरिकेचं कोलोरॅडोतलं डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी आणि जपानचं दुसरं केंद्र, तिन्ही ६० किलोहर्ट्झवर बोलतात, पण भाषा तिघांची वेगळी. एकाचं घड्याळ दुसऱ्याचं ऐकून समजू शकत नाही. आणि युरोपातून भारतात भेट म्हणून असं घड्याळ पाठवायचा विचार असेल तर पाठवू नका. डीसीएफचा पल्ला तिथवर नाही, तिथे ते साध्या क्वार्ट्झवर चालेल आणि रोज रात्री व्यर्थ ऐकत बसून सेल खाईल. शिवाय आमच्या घड्याळासारख्यांत टाइम झोन पूर्ण तासांनीच बदलतो, साडेपाच तासांचं गणित त्यात बसत नाही.

आता वस्तूबद्दल उरलेलं. ठोक्याचा आवाज हलका आहे, झोपेत येत नाही. आकडे आप्पांना साडेतीन मीटरवरून वाचता येतात, काच मात्र चमकते, खिडकीसमोर लावलं तर दुपारी अर्धी तबकडी दिसत नाही. मागची खाच उथळ आहे, खिळा भिंतीबाहेर किमान पाच मिलिमीटर हवा, नाहीतर दार आपटल्यावर घड्याळ हलतं. शेवटची वेळ केव्हा मिळाली हे दाखवणारी कुठलीही खूण यात नाही, ही मोठी उणीव. एखादा बारका दिवा, एखादी खिडकी दिली असती तर आमचे बारा दिवस दोन दिवसांवर आले असते. आणि पुस्तिका मुंगीएवढ्या अक्षरांत, ज्यांच्यासाठी मोठ्या आकड्यांचं घड्याळ घ्यायचं त्यांनाच न वाचता येणारी. त्यात 'धातूपासून दूर ठेवा' आहे, दिशेबद्दल एक ओळ नाही. पाचपैकी चार तारे देते, आणि पाचवा त्या न लिहिलेल्या ओळीसाठी राखून ठेवते.

मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी वेळ लागली. शनिवारी रात्री आप्पांनी विचारलं, "हे आपोआप होणार ना?" संकेतात उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची खूण वेगळी असते, बदलाच्या आधीचा तासभर त्याची पूर्वसूचनाही असते, हे त्यांना सांगितलं होतं. तरी ते पहाटे उठून बघून आले. मी उठले तेव्हा मनगटावरचं घड्याळ तासभर पुढे करून, भिंतीवरच्या लाल काट्याशी जुळवून ते पहिला थेंब घालून बसले होते आणि काट्याकडे बघत दुसऱ्याची वाट पाहत होते.

या घड्याळावर खूश होऊन आम्ही आतल्या खोलीसाठी तसंच लहान घड्याळ घेतलं. त्या खोलीला चारही बाजूंनी काँक्रीट, दिशा बदलून, प्लग काढून, सगळं करून झालं, तिथे सिग्नल येत नाही तो नाहीच. माझ्या भाच्याने मोबाइलवर एक ॲप लावून दिलं. ते स्पीकरमधून कानाला जेमतेम कळणारा १५.५ किलोहर्ट्झचा सूर काढतं. त्याची पाचपट ७७.५, आणि स्पीकरच्या वेटोळ्यातून निघणारं ते इवलंसं चुंबकीय क्षेत्र घड्याळाला पुरतं, फक्त घड्याळाची पाठ फोनला चिकटवून ठेवायची. तिसऱ्या प्रयत्नात जमलं. पण आप्पांना ते मान्य नाही, वेळ केंद्रावरूनच आली पाहिजे म्हणतात. तेव्हा दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी ते लहान घड्याळ रात्री खिडकीच्या कठड्यावर ठेवते, पाठ पूर्वेला करून. त्याचं क्वार्ट्झ दिवसाला अर्धा सेकंद इकडेतिकडे जातं, म्हणजे महिन्याअखेर पंधराएक सेकंदांची चूक. सकाळी आप्पा ते उचलून आणतात, मोठ्या घड्याळासमोर धरतात आणि मगच आतल्या खिळ्यावर लावतात.